जाळीची कड

सासूबाईंचा तेलाचा हात कपाळापर्यंत आला आणि थांबला. थबकला म्हणावं तर तसंही नाही. संध्याकाळी घरी परतणारा बैल आपल्या गोठ्यापाशी थांबतो तसा तो थांबला, कुणी न सांगता. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून त्यांनी हात खाली वळवला. गालांवरून, मानेवरून, खांद्यांवरून कोमट खोबरेल फिरवलं, उटणं चोळलं आणि "न्हावन घेवा आता, पाणी निवात" असं म्हणून वाटी उचलून त्या आत निघून गेल्या. काशिनाथ पाटावर तसाच बसून राहिला. डोक्याला तेल चालत नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे, जुनी सर्दी आहे, हे वाक्य तो कितीतरी दिवस घोकत होता. मालवणहून धामापूरला येताना एस.टी.त त्याने ते ओठ न हलवता पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं, त्यात 'जुनी' हा शब्द घालावा की नको याचा विचार केला होता, आणि ते सांगताना थोडं ओशाळं हसायचं हेही ठरवून ठेवलं होतं. आता ते वाक्य तोंडात तसंच पडून होतं आणि ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. सुटलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. दिवाळसणाला आलेल्या नव्या जावयाच्या टाळूवर तेल थापल्याशिवाय कोकणातली कुठली सासू पाटापासून उठेल? आणि उठली तरी, का उठते हे सांगितल्याशिवाय उठेल? न्हाणीतल्या चुलीचा धूर डोळ्यांत जात होता. काशिनाथने हळूच बोट कपाळाकडे नेलं. सासूबाईंचा हात जिथे वळला होता तिथून केसाएवढ्या अंतरावर जाळीची कड सुरू होत होती.

ती जाळी मच्छरदाणीहून कितीतरी बारीक होती. कातडीच्या रंगाची, आणि तिच्या एकेका छिद्रात एकेक केस गाठ मारून बसवलेला. पुढची कड कपाळाला गोंदाने चिकटवली की केस कपाळातूनच उगवल्यासारखे दिसत. काशिनाथचे स्वतःचे केस मुंबईत विषमज्वरात गेले होते, तिशीच्या आधीच, आणि गेले ते परत आले नाहीत. तेव्हा तो फोर्टातल्या एका वाचनालयात कपाटांच्या मागे बसून पुस्तकांना पुठ्ठे चढवायचा. लोकांसमोर यायचं काम असलं की तो ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. मालवणचा कॉस्मे बोटीवर न्हावी होता. बोट मुंबईत लागली की तो धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे बोटीवरच्या लोकांच्या बिऱ्हाडात, उतरायचा आणि दुपारी जुनी इंग्रजी मासिकं चाळायला वाचनालयात यायचा. त्यानेच एकदा कपाटाआड येऊन विचारलं होतं, "लाज वाटता मरे?" इतकं उघड काशिनाथला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याला त्या वेळी रडू फुटलं होतं, आणि त्या रडण्याची लाज त्याला अजून वाटत असे. पुढच्या खेपेला कॉस्मेने परदेशातल्या कुठल्याशा नाटकवाल्या कारागिराकडून तो टोप आणला. काशिनाथच्या डोक्यावर बसवताना त्याने गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून सांगितलं, "तू, मी आणि देव. चवथ्याक कळूचा नाय." पुढे जिल्हा वेगळा झाला, मालवणच्या वाचनालयात जागा निघाली, काशिनाथ तिकडे आला. त्याचं मूळ गाव खारेपाटण. तिथे आता कुणी उरलं नव्हतं. मालवणात त्याला ज्यांनी पाहिलं त्यांनी केसांसकटच पाहिलं. कॉस्मेही बोट सोडून आपल्या घरी येऊन बसला होता. जग असं क्वचित जुळून येतं, असं काशिनाथला वाटे, आणि लगेच वाटे, आपण असं म्हणू नये.

एक आयतवार सोडून पुढच्या आयतवारी तो कॉस्मेच्या मागच्या खोलीत जाऊन बसे. समुद्राकाठच्या दमट हवेत गोंद टिकत नाही. घाम आणि खारा वारा कडेखाली शिरतो आणि गोंद दुधासारखा पांढरा पडतो. सगळ्यांत मोठा वैरी तेल. खोबरेलाचं एक बोट लागलं तर दुपारपर्यंत कड उचलते. जुना गोंद सोडवायला कॉस्मे काजूची पहिल्या धारेची वापरायचा. बाटलीतलं स्पिरिट कुठून आणायचं, आणि दर खेपेला औषधवाल्याला काय सांगायचं? कापसाचा बोळा फेणीत बुडवून तो कडेवर ठेवायचा आणि वाट बघायचा. "ओढूचा नाय. ओढलंस काय जाळी फाटली. तेचा तो सुटाक होयो." मग टोप पालथा घालून जाळी मऊ ब्रशने साफ करायची, कपाळ साबणाने धुऊन कोरडं करायचं, गोंदाचा पातळ हात द्यायचा, बोट लावून बघायचं. बोटाला तार आली की मधून सुरुवात करून दोन्ही कानांकडे जाळी बसवत न्यायची. या सगळ्यात काशिनाथ डोळे मिटून बसायचा. उघड्या डोक्यावर दुसऱ्या माणसाची बोटं फिरत असताना त्याला जी शांतता वाटे ती पुस्तकांतही कधी मिळाली नव्हती. निघताना अंगाला फेणीचा वास यायचा. तो लांबच्या वाटेने, किनाऱ्याकिनाऱ्याने घरी जायचा.

न्हाऊन झालं. तुळशीपाशी अंगठ्याने कारीट चिरडलं, त्याची कडू बी जिभेला लावली, आणि सगळे फराळाला बसले. दाजी परब, म्हणजे त्याचे सासरे, मधे बसले होते. गूळपोहे, दहीपोहे, तिखट पोहे, पानं भरली होती. थोरले जावई भिकाजी कुडाळला एस.टी.त नोकरीला, लग्नाला कितीतरी वर्षं झालेले, डोकं पार गुळगुळीत. त्यांच्यावर सकाळपासून तुटून पडले होते सगळे. धाकट्या मेव्हणीने त्यांच्या चहात मीठ घातलं होतं. कुणी त्यांच्या टाळूवर तेलाची वाटी उपडी करून "भावोजीनू, तुमचा तेल वाया जाणा नाय, सगळा खाली येता" म्हणत होतं. "आमचो टकलो जावय बरो, दिवाळेक पणती नको," असं खुद्द सासूबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचं लक्ष काशिनाथकडे गेलं. हसणं बंद झालं. फक्त त्यांचंच नव्हे, सगळ्या पंगतीचं. मेव्हणी पानात बघू लागली. दाजींनी खाकरून भाताच्या पिकाचा विषय काढला. काशिनाथचा चहा गोड होता. त्याच्या चपला जिथे काढल्या होत्या तिथेच होत्या. नव्या जावयाचा दिवाळसण, आणि त्याची कुणी एक थट्टा केली नव्हती. पाहुण्यांकडच्या काचेच्या भांड्यासारखं सगळे त्याला दोन हातांनी उचलून बाजूला ठेवत होते. त्याने आपल्या बायकोकडे, सुभद्राकडे, पाहिलं. ती वाढत होती. वाढताना तिने भिकाजींच्या पानाला झुकून वाढलं, आणि त्याच्या पानाशी आल्यावर काळ्या वाटाण्याच्या कढत आमटीचं भांडं, वाफ त्याच्या तोंडावर जाणार नाही इतकं, लांब धरलं.

ते लांब धरलेलं भांडं त्याने घरी रोज पाहिलं होतं. मे महिन्यात लग्न झाल्यापासून. तो ते भांडं आता पहिल्यांदा बघत होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने साटिनचे अभ्रे शिवले होते. हौस, त्याला वाटलं होतं. जरा भपका, असंही वाटलं होतं, आणि असं वाटल्याबद्दल त्याने मनातल्या मनात तिची माफी मागितली होती. साटिनवर केस घासत नाहीत, कड ओढली जात नाही, हे कॉस्मे त्याला कितीदा सांगायचा. रात्री दिवा ती आधी घालवायची, तो सांगायच्या आत. लाजते, त्याला वाटायचं. तिचा हात त्याच्या पाठीवरून मानेपर्यंत यायचा आणि तिथून माघारी जायचा, आणि तो अंधारात ताठ पडून, श्वास मोजून घेत, देवाचे आभार मानायचा की हिला कळलं नाही. सहा महिने तो एका कुशीवर झोपला होता. आणि ती, जागी, दुसऱ्या कुशीवर?

दुपारी भिकाजी त्याला तलावाकडे घेऊन गेले. भगवतीच्या देवळामागे पाणी काळंभोर, निश्चल होतं. भिकाजींनी विडी पेटवली, आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमचा बरा आसा, काशिनाथराव."

"काय बरं आहे?"

"माका ह्या घरात कोण नावान हाक मारणा नाय. नारळ म्हणतत, देवाचो गोटो म्हणतत. तुमच्यासमोर सगळी कशी शाळेत बसल्यासारी! दाजींनी ताकीदच दिलीहा. न्हावी ह्यो शब्दसुदा तोंडात येवचो नाय म्हणान. माझ्या येळाक कोणी दिल्यान नाय ताकीद."

भिकाजींनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं. त्यांना बोलायचंच होतं. किती वर्षं ते एकटे टकले होते.

"तुम्ही वायट वाटून घेव नका. देवीक म्हायत आसा, मगे माणसांक कळाक कितीसो येळ? कौल लावलोलो दाजींनी. तुमच्या संबंधाचो."

"कौल?"

"कौल नको? हयसर गाय इकूची झाली तरी कौल लावतत." आणि विडी दगडावर ठेवून भिकाजी उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि गुरवाच्या चढ्या सुरात गाऱ्हाणं म्हणू लागले. "आई भगवती माये, आज ह्यो परब तुझ्या पायाकडे इलोहा. तेच्या चेडवाक मालवणचो झील सांगान इलोहा. झील नोकरेक आसा, शिकलेलो आसा, दारू पिणा नाय. डोक्यार केस नाय, ते गोंदान चिकटयता. ह्यो संबंध बरो आसात तर उजवी पाकळी दी, वायट आसात तर डावी दी, आणि केलेलो संबंध तडीक ने गे माये!" मग आवाज बदलून, दहा माणसांचा असावा तसा: "व्हय म्हाराजा!"

तलावापलीकडून तो आवाज परत आला.

"सगळो गाव होतो," भिकाजी खाली बसत म्हणाले. "देवीन पटकन उजवी दिल्यान. माझ्या येळाक अर्धो दिस लावलेल्यान."

"सुभद्रा होती?"

"होती म्हणजे? तिचोच कौल. बायकांत पुढे बसलेली. व्हय म्हाराजा म्हणताना तिचो आवाज सगळ्यांच्या वर." हे खरं की भिकाजींची जोड, ते कळायला मार्ग नव्हता.

काशिनाथच्या डोळ्यांसमोर ते देऊळ उभं राहिलं. ओल्या पाषाणावर चिकटवलेल्या पाकळ्या, कुठली आधी गळते म्हणून श्वास रोखून त्यांच्याकडे बघणारी माणसं, आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने, जे त्याने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटलं नव्हतं ते वाक्य. देवीपुढे काही लपवायचं नसतं, हे त्यालाही मान्य होतं. पण ती लपवायची गोष्ट कुणाची होती? दाजींचा राग त्याला येईना. बापाने मुलीसाठी चौकशी केली, देवाला विचारलं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केलं असतं, कदाचित इतक्या धीटपणे नाही. "दाजींना कुणी सांगितलं?" त्याने विचारलं. "ता माका म्हायत नाय," भिकाजी म्हणाले. "मालवणाक चवकशेक गेलेले. थंयसून इले ते गपगप." मग पुढे विचारायचं काही राहिलं नाही. तू, मी आणि देव. तिघांतल्या देवाला तर नंतर विचारलं गेलं होतं.

भाऊबीज आटपून दोघं मालवणला परतली. एस.टी.त सुभद्रा खिडकीशी बसायला निघाली, मग थांबली आणि म्हणाली, "तुम्ही बसा... नको, वारो लागतलो. मीच बसतंय." असं म्हणून ती बसली आणि वाऱ्याच्या आणि त्याच्या मधे तिचं डोकं आलं. हा सगळा विचार, ही काळजी. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं असतं. काशिनाथला मात्र आपल्या अंगावरून कुणी कपडे एकेक करून उतरवले आहेत आणि वर 'थंडी वाजते का' म्हणून विचारत आहेत असं वाटत होतं. इतके दिवस तो एकट्याने एक नाटक करत होता, आणि समोर अंधारात कुणी नाही असं धरून चालला होता. समोर सगळा गाव बसलेला होता. दया येऊन कुणी टाळी वाजवली नव्हती, कुणी हसलंही नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं का? तेही त्याला सांगता येईना. मी फार मनाला लावून घेतो, तो स्वतःला म्हणाला. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की उजव्या कानाजवळ कड सुटली आहे आणि सुभद्रा तिकडे मुद्दाम बघत नाही.

आयतवारी तो कॉस्मेकडे गेला. कॉस्मेची बायको इनासिया माडाखाली सुके बांगडे उलटत होती, तिने नुसतं हसून आत बोट केलं. मागच्या खोलीत फेणी, कापूस, ब्रश मांडून ठेवलेलं होतं.

"ये रे. कड सुटली मरे तुझी? धामापूरचा पाणी जड." कॉस्मेने खुर्ची पुढे ओढली.

काशिनाथ बसला नाही. "कॉस्मेबाब, दाजी परब तुमच्याकडे आले होते?"

कॉस्मेच्या हातातला कापूस तसाच राहिला. "इल्ले."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"सांगलंय."

काशिनाथने नकाराची तयारी केली होती. कॉस्मे शपथा घेईल, चिडेल, मग आपण काय म्हणायचं, ते सगळं त्याने वाटेत जुळवलं होतं. 'सांगलंय' हे त्यात नव्हतं.

"तुम्ही क्रुसावर हात ठेवला होता."

"ठेवलेलंय." कॉस्मे खाटेवर बसला. एकदम म्हातारा दिसू लागला. "आयक. तो माणूस दारात उभो रवलो. आत येयना. म्हणता, ह्यो झील आयतवाराक तुझ्याकडे येता, मागल्या खोलयेत बसता, जाताना तेच्या अंगाक फेणयेचो वास येता, अख्ख्या वाड्यान बघलाहा. मी म्हटलंय, पिणा नाय. म्हणता, मगे वास खंयचो? दारूबाजाक चेडू दिवचंय नाय. आणि पाठ फिरवल्यान. माका सांग, मी काय करू होतंय?"

"दारू पितो म्हणून सांगायचं होतं."

कॉस्मे त्याच्याकडे बघतच राहिला. "लगीन मोडला असता, रे येड्या!"

"मोडलं असतं."

"तुका ता चलला असता?"

अंधारात मानेपर्यंत येऊन माघारी जाणारा तो हात काशिनाथला आठवला. तो हात नको होता का? हवा होता. कळल्यावाचून हवा होता. "त्यानंतर दर खेपेला," तो म्हणाला, "दर खेपेला माझं डोकं तुमच्या हातात होतं. तुम्हाला ठाऊक होतं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तुम्ही कड नीट बसवत होतात. कुणाला दिसू नये म्हणून."

"दर येळाक वाटा, सांगूया. तू डोळे मिटून बसस. झोपलेल्या पोरासारखो. माका बोलूक जायना." कॉस्मेने नाक पुसलं. "बायको तुझी चांगली आसा. लग्नाच्या मागसून इल्ली इनासियाकडे. तेल खंयपर्यंत चलता, उशयेक कसला कापड घालूचा, सगळा इचारून गेली. माका म्हणाली, तेंका सांगा नको, तेंका वायट दिसात."

म्हणजे इथेही. या खोलीतही. ही एक खोली होती जिथे तो डोळे मिटत असे. त्या खोलीच्या बाहेर, माडाखाली, त्याची बायको त्याच्या डोक्याचे धडे घेऊन गेली होती. काशिनाथ खुर्चीत बसला. "काढा," तो म्हणाला.

कॉस्मेने कापूस भिजवला. कडेला लावला, वाट बघितली, पुन्हा लावला. जाळी सुटत सुटत मागे गेली आणि डोक्याला गार लागलं. कॉस्मेने टोप साफ केला, कपाळ धुतलं, पुसलं, गोंदाचं झाकण उघडलं.

"राहू दे ते."

"राहू दे म्हणजे? तसोच जातलंस? दिसाउजेडी?"

"सगळ्यांना ठाऊकच आहे."

"अरे, ठावक असना येगळा—" कॉस्मे उठेपर्यंत काशिनाथ बाहेर पडला होता. इनासियाने मान वर केली आणि हातातला बांगडा तसाच धरून ती उभी राहिली.

या वेळी तो किनाऱ्याने गेला नाही. बाजारातून गेला. उन्हं कलली होती, आणि कितीतरी वर्षांनी टाळूवर ऊन बसत होतं. वारा लागला की डोक्याची कातडी आकसत होती, जणू तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. वाचनालयात रोज येणारे एक वकील समोरून आले आणि सरळ निघून गेले. बघितलं नसेल. की बघून? काशिनाथ चालत राहिला, आणि त्या चालण्यात एक कडवट सुखही होतं. बघू दे तिला. इतके दिवस माहीत असूनही तिने बघितलं नव्हतं. माहीत असण्याची किंमत तिने दिली नव्हती, ती आज द्यावी. 'हा मी,' एवढंच म्हणायचं. मग ती काय करेल? रडेल. माफी मागेल. किंवा हात पुढे करेल, आणि तो हात या वेळी मानेपाशी माघारी फिरणार नाही. एवढा विचार मनात आला मात्र, त्याच्या लक्षात आलं की राग नुसता वर वर आहे; खाली त्याला एवढंच हवं आहे, आणि ते मिळेल की नाही याची त्याला भीती वाटते आहे. घराच्या फाटकाशी, बेड्यात शिरताना, त्याला दोनदा मागे फिरावंसं वाटलं.

सुभद्रा ओटीवर तांदूळ निवडत होती. त्याच्या पाठीमागे सूर्य होता. बेड्यातून कुणीतरी आत आलेलं पाहून ती लगबगीने उठली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि परक्यांशी बोलायच्या शुद्ध भाषेत, मान जरा खाली घालून, म्हणाली, "ते घरात नाहीत. बसा ना, येतील एवढ्यात."

त्याने ठरवलेलं 'हा मी' कुठे गेलं कोण जाणे. वकिलांनी पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं, ते आता कळलं. तो बाकावर बसला, कुणाला तरी भेटायला आलेला माणूस बसतो तसा, काठावर. आतून तांब्या बुडवल्याचा आवाज आला. ती पाणी घेऊन बाहेर आली, चार पावलं जवळ आली, तांब्या पुढे केला, आणि मग तिने वर पाहिलं. ओळख तिच्या चेहऱ्यावर हळूहळू येताना त्याला दिसली. डोळ्यांत आली, मग ओठांपर्यंत आली, आणि तिथे अडली.

"सुभद्रा," तो म्हणाला.

"हां," ती म्हणाली. "पाणी घेवा."

त्याने तांब्या घेतला. ती तिथेच उभी राहिली, त्याच्याकडे बघत, नजर न वळवता. पण परक्या माणसासमोर ओढून घेतलेला पदर मात्र तिने तसाच, मुठीत घट्ट धरून ठेवला होता.